कागद विणायचा म्हणजे काय ना बाप्पा? रंगवलेल्या आणि रद्दीतल्या कागदांचं विणकाम: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी आमच्या नागपूरच्या प्रताप नगरच्या घरी हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही सातआठ जण कागद विणत बसतो. क्लास वगैरे काही नाही, फी नाही, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. पण फोटो स्टेटसला टाकला की रात्रीपर्यंत पंधरा जण तेच ते प्रश्न विचारतात आणि मी तेच ते टाइप करत बसते, अंगठा दुखून राहिला आता. म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकते. पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवीन, राग मानू नका.

हे नेमकं असते काय?

चटई पाहिली ना? तेच, पण कागदाचं. एका कागदाला उभे काप द्यायचे, तो झाला ताणा. दुसऱ्या कागदाच्या आडव्या पट्ट्या कापून त्यातून एक वर एक खाली घालायच्या, तो बाणा. ताणा-बाणा आपण बोलताना सहज म्हणतो, इथं तो हातात येते. कागद स्वतः रंगवलेला असू शकते किंवा घरात पडलेला कोणताही, म्हणजे जुनी वही, लग्नपत्रिका, कॅलेंडर, नकाशा, मिठाईच्या डब्यातला कागद, काहीही.

मला चित्र काढता येत नाही, जमेल का?

जमेल, आणि खरं सांगू का, चित्रकला येणाऱ्यांनाच जास्त त्रास होते. त्यांचं कागदावर प्रेम बसते आणि मग कापायला हात धजत नाही. आमच्यातल्या एक काकू मस्त वॉटरकलर करतात, त्यांनी फुटाळा तलावाच्या संध्याकाळचं एक चित्र काढलं होतं, ते तीन शनिवार नुसतं पिशवीत आणायच्या आणि परत घेऊन जायच्या. चौथ्या शनिवारी कापलं. आता त्यांच्या हॉलमध्ये तेच लागलेलं आहे, आणि ते तळं आहे हे कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही, पण पाणी हलल्यासारखं वाटते एवढं नक्की.

तर सुरुवात बिघडलेल्या चित्रांपासून करा. ज्या कागदाकडे बघून तुम्हाला लाज वाटते तो सगळ्यात चांगला, कारण एक सेंटीमीटरच्या पट्टीत कापल्यावर चूक कुठं होती ते कोणालाच सापडत नाही.

कागद कोणता घ्यायचा?

यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात म्हणून जरा नीट सांगते. कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्राम. वर्तमानपत्राचा कागद साधारण 45 च्या आसपास, झेरॉक्सचा 70 ते 80, ड्रॉइंगचा कार्ट्रिज 120 च्या वर, लग्नपत्रिका 250-300. विणायला 100 ते 160 सगळ्यात सोपं जाते. त्याच्या खालचा कागद पट्टी सरकवताना दुमडते, आणि त्याच्या वरचा वाकायला तयार नसते, मग चौकटींमध्ये फटी राहतात.

पण म्हणून बारीक कागद सोडून द्यायचा असं नाही. आपल्याकडे संक्रांतीनंतर गच्चीवर फाटके पतंग पडलेले असतात ना, तो पतंगी कागद रंगाला इतका सुंदर असते की मोह आवरत नाही. तो सरळ झेरॉक्स पेपरवर गोंदाच्या काडीने चिकटवायचा आणि मग कापायचा. पाणीवाला गोंद लावू नका, पतंगी कागदाचा रंग सुटते आणि तुमची बोटं दोन दिवस गुलाबी.

वर्तमानपत्र हमखास पिवळं पडते हे लक्षात ठेवा. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असते, उजेड आणि हवा लागली की ते तपकिरी होत जाते. पिवळेपणा आवडत असेल तर छानच आहे, मला आवडते. पण एखाद्या बातमीचा कागद टिकवायचा असेल तर तिची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती कापा.

माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे किराण्याच्या हिशोबाच्या जुन्या वह्या. माझ्या मोठ्या आत्याच्या घरून अशा चार वह्या मिळाल्या, निळ्या शाईत, अक्षर असं की शाळेत मास्तरांनी छडी घेऊन बसवलेलं. त्याच्या पट्ट्या कापून मी त्या मेंदीच्या रंगाच्या कागदात विणल्या. आता त्यात कुठं नुसतं ‘साख’ दिसते, ‘र’ खाली गेला. कुठं ‘तूरदा’ आहे. एका चौकटीत फक्त ‘उधा’ आणि त्याच्या बाजूच्या चौकटीत दुसऱ्याच पानाचा ‘मिळाले’. हे मी ठरवून केलेलं नाही, ते आपोआप बसलं. आत्या चष्मा लावून अर्धा तास ते वाचत बसली आणि शेवटी म्हणाली, ‘ह्या महिन्यात शेंगदाणे जास्तच आणले होते बाई.’

कोणता कागद नकोच?

बिल आणि तिकिटाचा तो गुळगुळीत थर्मल कागद, ज्याच्यावर मशीन शाईशिवाय छापते. त्याचं छापलेलं काही महिन्यांत उडून जाते, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर अख्खा काळा पडते, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. वर त्याच्या कोटिंगमध्ये बऱ्याचदा बीपीए किंवा बीपीएस नावाचं रसायन असते, लहान मुलांच्या हातात तसंही देऊ नये. जुनी छापील तिकिटं असतील तर ती मात्र सोनं आहे.

चमकी-फॉइलवाला गिफ्ट पेपरही नको. पट्टी वळवली की चमकी निघते आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर सापडते.

कागदाचा ग्रेन काय असते, आणि तो बघणं खरंच गरजेचं आहे का?

आहे. मशीनवर कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपतात, तोच ग्रेन. त्या दिशेनं कागद सहज सरळ फाटते, आडव्या दिशेनं फाडला तर वेडावाकडा जाते. वर्तमानपत्र हातात घेऊन दोन्हीकडून फाडून बघा, एका मिनिटात कळते. जाड कागद न फाडता बघायचा असेल तर हलकेच अर्धा वाकवा, ज्या घडीला कमी जोर लागते त्या घडीची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा.

पट्ट्यांची लांबी ग्रेनच्या दिशेनं ठेवा. मग पट्टी सरळ राहते आणि कमी तुटते. दुसरं म्हणजे कागद ओलावा घेतला की ग्रेनच्या आडव्या दिशेनं जास्त फुगते, लांबीत फार कमी. म्हणजे पट्टी उगाच लांब होऊन तिचा बाक येत नाही. हाताने केलेल्या कागदात ही भानगड फारशी नसते.

रंग कोणते? आणि रंगवला की कागद पापडासारखा वळतो त्याचं काय करायचं?

मी बहुतेक ॲक्रिलिक वापरते, पाणी घालून पातळ. पोस्टर कलरही चालते पण जाड लावला की पट्टी वाकवताना तडकते आणि भुगा पडते. वॉटरकलर, शाई, चहाचं पाणी, हळद सगळं चालते. हळद उन्हात उडते, नंतर तक्रार करू नका.

कागद वळते कारण रंगाकडची बाजू ओली होऊन फुगते आणि वाळताना आकसते. उपाय सोपा आहे, मागच्या बाजूलाही नुसतं पाणी किंवा पातळ रंग मारायचा, आणि अर्धवट वाळल्यावर जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवायचं. एक सांगून ठेवते, ॲक्रिलिकचे दोन कागद रंगाला रंग लावून उन्हाळ्यात ढिगात ठेवू नका. मी अकरा कागद असे रचून पंचांग आणि डिक्शनरीखाली ठेवले होते, 44 डिग्रीचा दिवस, संध्याकाळी एकच जाड पुठ्ठा हातात आला. मध्ये बटर पेपर घालत जा.

ब्रशच पाहिजे असं काही नाही. जुना टूथब्रश, कंगवा, भांडी घासायचा स्पंज, एटीएमचं जुनं कार्ड. मैद्याची खळ शिजवून त्यात रंग कालवायचा, कागदावर पसरायचा आणि ओलं असतानाच कंगवा ओढायचा, असे मस्त पट्टे उमटतात की विणल्यावर टसरच्या कापडासारखं दिसते. आणि पूर्ण कागद एकसारखा रंगवू नका, कुठं गडद कुठं फिकट राहू द्या. सगळी मजा त्यातच आहे.

पट्टी किती रुंद कापायची?

पहिल्यांदा दीड सेंटीमीटर. हात बसला की एक सेंटीमीटर, मग अर्धा. अर्ध्याच्या खाली मी जात नाही, डोळे माझे आहेत. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटर असते, म्हणजे त्याच्या रुंदीत एक सेंटीमीटरच्या 21 पट्ट्या. पण आडव्या पट्ट्या मोजताना गणितानं जेवढ्या बसायला पाहिजे तेवढ्या कधीच बसत नाहीत, दर दोन पट्ट्यांमध्ये केसभर जागा जाते. वरचा दोन सेंटीमीटरचा काठ सोडून 27 बसायला पाहिजे, पण 25-26 वर थांबावं लागते, त्यामुळे ‘ताई माझं चुकलं का’ म्हणून विचारू नका.

सरळच कापायचं असंही नाही. ताण्याचे काप लाटेसारखे वळणाचे दिले आणि आडव्या पट्ट्या सरळ ठेवल्या तर चौकटी फुगीर दिसतात. फक्त वळणाच्या पट्ट्या ज्या क्रमाने कापल्या त्याच क्रमाने ठेवा, मागे पेन्सिलने नंबर टाका. टाकतच नाही कोणी, आणि मग बसतात जुळवत.

आता विणायचं कसं ते सांगा ना

ताण्याच्या कागदाला वरून दोन सेंटीमीटर जागा सोडून खालपर्यंत काप द्या. वरचा काठ जोडलेलाच राहिला पाहिजे, तो तुमचा माग. तो काठ पेपर टेपने टेबलाला चिकटवा. स्टीलची पट्टी घ्या, प्लॅस्टिकची घेतली की कटर पट्टीलाच कापत जाते. ब्लेड नवीन असू द्या, बोथट ब्लेड कागद कापत नाही, ओरबाडते.

पहिली आडवी पट्टी एक वर एक खाली घालून अगदी वरच्या काठाला नेऊन टेकवा. दुसरी उलटी, म्हणजे जिथं पहिली वरून गेली तिथं ही खालून. आइस्क्रीमच्या काडीने वर सरकवत चला. दर तीनचार ओळींनी थांबून दोन्ही कडा बघा. शेवटी पालथं करून कडांना पेपर टेप किंवा गोंदाचे बारीक ठिपके, बस.

किती घट्ट ओढायचं?

ओढायचंच नाही. हे मला एका बुरड भाऊनं शिकवलं, सूप दुरुस्त करून देत होता आणि मी बाजूला बसून बघत होते. मी घरून माझी कागदाची चटई दाखवायला आणली, मध्ये फुगलेली, कडा आत गेलेल्या. त्यानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, ‘ताई, तुमी वढून राहिल्या. बांबूले वढत नाही, बसू देतात. त्याले जागा दाखवायची, तो बसते.’ मग त्यानं अंगठ्याच्या नखानं माझी एक पट्टी इतकी हळू वर ढकलली की आवाज पण नाही आला, आणि ती फट गायब.

तेव्हापासून मी पट्टी टोकाला धरून खेचत नाही, मधून ढकलते. दोन्ही कडा सरळ येतात. फुगवटा आलाच तर समजायचं की खालच्या ओळी घट्ट आणि वरच्या सैल आहेत, दोनचार ओळी काढून परत घाला.

एवढं विणलं पण काहीच दिसत नाही, नुसती गिचमिड झाली

शंभरातल्या नव्वद जणांचं हेच होते, आणि सगळे रंगाला दोष देतात. रंग ठीक आहेत. तुमचा ताणा आणि बाणा दोन्ही सारखेच गडद आहेत. लाल आणि हिरवा समोरासमोर ठेवला तर वाटते फार फरक आहे, पण मोबाइलवर ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढून बघा, दोघंही एकच राखाडी. मग डोळ्याला चौकट कशी दिसणार?

म्हणून कापायच्या आधी दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवून असा फोटो काढायचा, रोज. एक गडद आणि एक फिकट निघाला तरच कापा. छापील कागद, म्हणजे वर्तमानपत्र किंवा पुस्तकाचं पान, लांबून फिकट राखाडीच दिसते, त्याच्यासोबत एकरंगी गडद कागद ठेवा. दोन्ही छापील घेतले तर गिचमिड ठरलेलीच आहे, मग माझ्याकडे येऊ नका.

आणि ज्यांना चौकटी दिसायलाच नको आहेत, नुसतं धुकं पाहिजे, त्यांनी मुद्दाम सारखेच दोन कागद घ्यावे. तेही सुंदर होते. फक्त ठरवून झालेलं असावं.

एक-वर-एक-खाली सोडून दुसरे नमुने?

ट्विल करून बघा, जीन्सच्या कापडात तिरप्या रेघा असतात ना तेच. दोन वर, दोन खाली, आणि दर ओळीत एक घर बाजूला सरकायचं. चार ओळींनंतर परत पहिल्यापासून. तिरपी रेघ आपोआप येते.

आणि आपल्या विदर्भाची करवती किनार कोणी विसरू नका. टसरच्या साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात, म्हणून ते नाव, आणि त्याला जीआय टॅगही मिळालेला आहे. खऱ्या मागावर काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी चालवून एकमेकांत अडकवतात, ते कागदात जसंच्या तसं होणार नाही. मी जुगाड असा करते: कडेच्या तीन उभ्या पट्ट्या गडद रंगाच्या. पहिली आडवी पट्टी कडेच्या पट्टीच्या वरून न्यायची, दुसरी एका पट्टीखालून, तिसरी दोनखालून, चौथी तीनखालून, मग दोन, मग एक, आणि परत वरून. बाकीची ओळ नेहमीच्या एक-वर-एक-खालीवर आणायची. गडद दात उमटतात. सगळ्यात कडेची पट्टी मध्ये पाच ओळी सुटी राहते, तिथं खाली गोंदाचा एक ठिपका द्या.

गोंद कोणता?

शक्यतो कमीत कमी. नीट बसलेलं विणकाम गोंदाशिवायच धरून राहते. कडांना गोंदाची काडी पुरते. फेविकॉल पातळ करून अख्ख्या पाठीवर फासायचा मोह होते, करू नका, कागद फुगते आणि वाळल्यावर लाटा येतात. घरची मैद्याची खळ छान असते पण किडे येतात. जुने बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात लहान मूल असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळं काही करावं लागते का?

उन्हाळ्यात कागद कडक होते आणि वळवला की तुटते. सकाळी सात ते नऊ विणा. कूलरसमोर बसू नका, एक तर पट्ट्या उडतात आणि वरून त्याची दमट हवा एका बाजूनं कागद मऊ करते. पावसाळ्यात उलटं, कागद ढिला पडते, तेव्हा विणलेलं हिवाळ्यात आकसून सैल होते. म्हणून मी फायनल काम दिवाळीनंतर करते, पावसाळ्यात नुसतं रंगवते. कागद ठेवायचे ते भिंतीला टेकवून नाही, आपल्याकडे उधई, म्हणजे वाळवी, कधी येईल सांगता येत नाही.

लग्नपत्रिकेवरचा गणपती कापायचा का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकजण हळू आवाजात विचारते. मी कापत नाही. गणपतीचा चौकोन आधी अख्खा काढून घेते आणि बाजूला ठेवते, उरलेली पत्रिका वापरते. कोणी कापत असेल तर मी काही म्हणणार नाही, पण आमच्या सासूबाई हॉलमध्येच बसलेल्या असतात. नावं मात्र कापते, आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ मी अख्खी वरच ठेवते, खाली जाऊ देत नाही.

हे परदेशातून आलेलं आहे का?

चटई, सूप, टोपली आपल्या घरात कधीपासून आहे ते कोण सांगणार. कागदाचं म्हणाल तर बालवाडीत रंगीत पट्ट्यांची चटई करवतात ती बरीचशी जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलची देणगी. त्यानं 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली, तीच पुढे किंडरगार्टन झाली, आणि मुलांच्या हाताला जी कामं दिली त्यात कागद विणणं होतं. आणि हे नुसतं पोट्ट्यांचं काम आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना डिन्ह क्यू. ले यांचं काम दाखवा. व्हिएतनाममध्ये जन्मलेला हा कलाकार आत्याकडून गवताच्या चटया विणायला शिकला आणि पुढे मोठाले फोटो पट्ट्या कापून एकमेकांत विणायला लागला. युद्धाचा एक फोटो आणि सिनेमातला एक, दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि दोन्ही पूर्ण दिसत नाहीत. 2024 मध्ये ते गेले.

फ्रेम करताना काय सांगायचं?

‘चिकटवू नका’ हे सांगायचं, आणि तिथंच उभं राहायचं. मी एकदा तीन महिन्यांचं काम देऊन बाजारात गेले, परत आले तर फ्रेमवाल्या भाऊनं ते हार्डबोर्डवर गोंद फासून ठोकून दिलं होतं, सगळ्या चौकटी पाण्यात पडल्यासारख्या. बोलून काय उपयोग. आता मी स्वतः फक्त वरच्या काठाला दोन ठिकाणी कागदी टेपने लटकवून देते, आणि काच कागदाला लागू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगते. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका.

विकता येईल का?

येईल. स्वतः रंगवलेले कागद आणि घरच्या वह्या असतील तर काहीच अडचण नाही. दुसऱ्याचा फोटो किंवा दुसऱ्याचं चित्र कापून विणलं आणि विकायला काढलं तर कॉपीराइटचा प्रश्न येतो, कापलं म्हणजे आपलं झालं असं नसते. भाव मी तासावर लावते. ए-फोर आकाराला, एक सेंटीमीटरच्या पट्टीनं, रंग सोडून माझे साधारण चार तास जातात, नवीन माणसाचे सहासात.

सामान कुठं मिळते?

होलसेलमध्ये घ्यायचं तर इतवारी, एकदोन वस्तूंसाठी बर्डी. पण आधी रद्दीवाल्याशी दोस्ती करा. माझा रद्दीवाला आता स्वतःच नकाशे आणि जुन्या वह्या बाजूला काढून ठेवते आणि म्हणते, ‘काकू, तुमचा माल आला.’

शनिवारी यायचं असेल तर काय आणू?

कटर, नवीन ब्लेड, चार जुने कागद ज्यांचं तुम्हाला वाईट वाटणार नाही, आणि एक ज्याचं वाटेल. चहा माझ्याकडे. मागच्या महिन्यात कोणीतरी प्रेमानं तर्री पोहे आणले आणि माझ्या फिकट पिवळ्या पट्ट्यांवर तर्रीचा असा गोल थेंब पडला की तो निघालाच नाही. शेवटी तसाच विणला, वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे, लोक विचारतात हा केशरी रंग कोणत्या कंपनीचा. पोहे आणा, पण हात धुऊन बसा.